घाटाचा लिलाव : वैनगंगा-प्राणहितेच्या नावाड्यांची गोष्ट

गडचिरोली जिल्ह्याची पश्चिमेची सीमा बरीचशी नद्यांनीच आखून दिली आहे. वडसा-देसाईगंजपासून चपराळ्यापर्यंत वैनगंगा. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि तिथून ती प्राणहिता होते. सुमारे ११३ किलोमीटर वाहून प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. पुढे सोमनूरच्या संगमापर्यंत गोदावरी, मग छत्तीसगडच्या कडेने वर भामरागडपर्यंत इंद्रावती. जिल्ह्याच्या पोटात कठाणी, खोब्रागडी, दिना, बांडिया, पर्लकोटा, पामुलगौतमी आहेतच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा मधली वैनगंगाच हद्द म्हणून पुरली.

अशा मुलखात शेकडो वर्षे माणूस, बैल, धानाची पोती, नवरी-नवरदेव, बाळंतीण, तलाठी आणि तार खात्याचा साहेब या सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडणारी जी माणसे होती, त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. झाडीपट्टीत त्यांना ढिवर म्हणतात. वर्धेच्या काठी भोई, कुठे केवट, कुठे कहार. सिरोंच्याकडे घरात तेलुगू बोलणारे बेस्ता. महाराष्ट्र शासनाच्या यादीत ही बहुतेक नावे भटक्या जमाती (ब) या गटात ‘भोई’ या एकाच नोंदीखाली येतात. या ‘भटक्यां’ची घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घाटावर आहेत, ही सरकारी वर्गीकरणाची गंमत.

नाव चालवणे हा ढिवरांचा एकमेव धंदा कधीच नव्हता. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला डोंगा चालतो; मार्चनंतर बहुतेक ठिकाणी नदी पायी ओलांडता येते. मग उरलेले वर्ष कसे काढायचे? मासेमारी होतीच. तलाव-बोड्यांत शिंगाडा लावायचा, पाणी उतरले की नदीच्या वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या करायच्या. पाटील-मालगुजारांच्या घरी पाणी भरायचे आणि लग्नसराईत मेणे-पालख्या वाहायच्या, कारण ढिवराच्या हातचे पाणी वरच्या जातींना चालत असे. पाणी चालले तरी माणूस ओसरीपलीकडे चालत नसे, ते वेगळे.

याशिवाय एक धंदा असा, की तो नावाड्यांच्या घरी असेल असे बाहेरच्या माणसाला वाटणार नाही: कोसा. आरमोरी परिसरातले आणि चंद्रपूर-भंडाऱ्याकडचे ढिवर ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळत आले आहेत. किडा घरात नसतो, जंगलातल्या उभ्या झाडावर असतो. पाखरे, माकडे, मुंग्या यांच्यापासून तो राखायला घरचा माणूस महिना-सव्वा महिना रानात झोपडी टाकून बसतो आणि त्या काळात बरेच सोवळे पाळतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड प्रसिद्ध केले. त्यातल्या ढीमरांवरच्या प्रकरणात नाव, मासे, पालखी, शिंगाडा हे धंदे शेजारी शेजारी दिसतात. एकेका कुटुंबाची उपजीविका अशी पाच-सात ठिकाणी विखुरलेली होती. मात्र त्यातली एकही जागा त्यांच्या नावावर नव्हती. नदी सरकारची, तलाव मालगुजाराचा, ऐनाचे झाड जंगल खात्याचे. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर फिरतो, असे माझे मत आहे.

आता डोंग्याकडे येऊ. जुना डोंगा म्हणजे एका अखंड खोडाचा. सरळ वाढलेले, आतून न कुजलेले जाड झाड निवडायचे, तासणीने कोरायचे, दोन्ही टोके निमुळती ठेवायची. उथळ पाण्यात लांब बांबूने रेटा द्यायचा, खोल पाण्यात वल्हे. एकटा डोंगा अरुंद असल्याने कलंडतो. म्हणून गाडी-बैल किंवा पुढच्या काळात मोटारसायकल न्यायची असली की दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या. जंगल राखीव झाले आणि मोठे खोड मिळणे परवान्याची बाब झाली, तसे फळ्या जोडून डांबर मारलेले डोंगे वाढले. हल्ली पत्र्याचे आणि फायबरचेही दिसतात. नावाड्याचे खरे भांडवल मात्र लाकडात नसतेच. कोणत्या आठवड्यात धार कोणत्या काठाला सरकते, वाळूचा नवा दांडा कुठे पडला, कुठल्या खडकामागे भोवरा असतो, वरच्या अंगाला पाऊस झाल्यावर किती वेळाने इथे पाणी चढते, हे ते भांडवल. ते वडिलांबरोबर डोंग्यात बसूनच मिळते.

मोबदल्याची जुनी रीत बलुत्याच्या जवळची होती. काठावरच्या गावांनी हंगामाला खळ्यावर धान द्यायचे, वाटसरूने रोख. घाट कुणाचा, पाळी कुणाची हे भाऊबंदांत ठरायचे.

या व्यवस्थेला पहिला धक्का पुलाने दिला असे सगळे समजतात. माझ्या वाचनात तो धक्का एका कायद्याने दिला. १८७८ चा नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट मध्य प्रांतालाही लागू होता. सरकार कोणताही घाट ‘सार्वजनिक’ जाहीर करू शकते, त्याची पथकर-वसुली लिलावाने ठेक्यावर देऊ शकते आणि अशा घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला उतारू नेता येत नाही, अशा त्याच्या तरतुदी. इंग्रजांच्या दृष्टीने यात सोय होती: दर ठरलेले, नाव तपासलेली, अपघात झाला तर जाब विचारायला माणूस. पण घाटावर वाढलेल्या माणसाला आपल्याच घाटासाठी बोली लावावी लागली आणि बोलीला पैसा लागतो. ठेका पैसेवाल्याने घ्यायचा आणि वल्हे ढिवराने मारायचे, अशी रचना मग रुळली. स्वातंत्र्यानंतर लिलाव करणारे कार्यालय बदलले, लिलाव राहिला.

१८७८ च्या त्या कायद्याआधीची दोन दशके या नद्यांवर एक वेगळेच नाटक चालले होते, आणि ते जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे.

अभियंता सर आर्थर कॉटन यांनी गोदावरीवरचे धवळेश्वरमचे धरण १८५२ मध्ये पुरे केले. त्यानंतर गोदावरी-प्राणहिता-वर्धा हा जलमार्ग मोकळा करून हिंगणघाटचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा, ही कल्पना जोर धरू लागली. अडचण तीन ठिकाणी होती. दुम्मागुडेमजवळ, इंद्रावतीच्या संगमाजवळच्या इंचमपल्लीला, आणि अहेरीच्या बाजूला प्राणहितेवर देवलमरीला नदी मैलोन्‌मैल खडकांतून उड्या मारत उतरते. तिथे बांध घालून बाजूने कालवे काढायचे आणि पाणदरवाज्यांतून नावा चढवायच्या-उतरवायच्या, असा बेत होता. काम कॅप्टन हेग या अभियंत्याकडे होते. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके मिळाले आणि सिरोंचा हे ‘अपर गोदावरी’ नावाच्या नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या वर्षी आलेले चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेचे मोठे पाठीराखे. त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. आज एसटीच्या वेळापत्रकात शेवटून शोधावे लागणारे सिरोंचा त्या दशकात साम्राज्याच्या कापूस-व्यापाराच्या नकाशावर होते.

मग आगगाडीने पैज जिंकली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. हिवताप आणि पटकीने मजूर बेजार होत होते, खर्च वाढत होता. १८७१ मध्ये काम थांबवण्याचा हुकूम झाला. दुम्मागुडेमचा बांध तेवढा उभा राहिला. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रासला गेला आणि सिरोंचा चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, तहसील झाले.

ही योजना यशस्वी झाली असती तर ढिवर-बेस्तांचे भले झाले असते का? मला तसे वाटत नाही. आगबोटी आल्या असत्या, पाणदरवाज्यांवर पगारी नोकर बसले असते. फसल्यामुळे मात्र हा सगळा मुलूख पुढची शंभर वर्षे रस्त्यावाचून राहिला, आणि रस्त्यावाचून राहिल्यामुळेच डोंगा टिकला.

नदी ही सीमाही होती. प्राणहितेच्या पश्चिम काठावर निजामाचे राज्य, वर्धेपलीकडचे राजुराही १९४८ पर्यंत निजामाकडेच. अशा सीमेवरच्या नावाड्याकडे दोन्हीकडची सत्ता संशयाने पाहते. १८५८ च्या वसंतात बाबुराव शेडमाके यांच्या उठावात प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तळ ठोकलेले तार खात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्यात फाशी दिले गेले. अशा काळात कोण कुणाला पार उतरवतो हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो. नक्षलवादी चळवळीच्या दशकांत इंद्रावतीकाठच्या लोकांनी तोच प्रश्न दोन्ही बाजूंच्या बंदुकांसमोर अनुभवला.

नावाड्यांवर दुसरीकडे लिहिले गेले आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात डील नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथल्या नावाडी कुटुंबांनी गुडविनच्या वाळूत रुतलेल्या जहाजांवरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या वाचवली. वाफेची जहाजे आल्यावर त्यांचाही धंदा बसला. पण १८९२ मध्ये ट्रेनर या धर्मगुरूने त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात सुकाणूवाल्यांची नावानिशी कथा आली. बनारसच्या मल्लाहांकडे निदान घाटवारीचा मानलेला हक्क आणि पर्यटक आहेत. वैनगंगेच्या नावाड्याला मिळाले ते जातींच्या कोशातले एक प्रकरण, तेही समूहाचे.

स्वातंत्र्यानंतर काय काय गेले ते भराभर सांगता येईल. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. त्यात ढिवरांच्या संस्था उभ्या राहिल्या ही जमेची बाजू. वैनगंगेवर वडसा, व्याहाड, हरणघाट, आष्टी असे पूल होत गेले. गेल्या दशकात प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावतीवरही पूल झाले आणि सिरोंच्याहून काळेश्वरमला जाणारा भाविक गाडीतूनच पार होऊ लागला. मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते. तिथल्या महाशिवरात्रीच्या जत्रेत पलीकडच्या सावली-मूलकडची माणसे डोंग्याने येत. नावाड्यांच्या वर्षभराच्या रोख कमाईत त्या काही दिवसांचा वाटा मोठा असे.

पुलाला मी दोष देणार नाही. साप चावलेले लेकरू घेऊन रात्री घाटावर हाका मारत बसलेल्या आईला विचारून पाहावे. पण पूल आला म्हणजे नावेची गरज संपली, हे खरे नाही. गरीब माणसाचा जवळचा रस्ता अजूनही पाण्यातून जातो. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडणीच्या मजुरीसाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या बायकांची नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. पुलावरून जायचे तर लांबचा फेरा आणि गाडीभाडे. ते मजुरीतूनच गेले असते. लिलावाची, देखरेखीची, परवान्याची जुनी यंत्रणा ढिली पडली होती आणि नवी काही आली नव्हती. जीवरक्षक जाकिटे ही त्यानंतरची चर्चा.

आणि नदी स्वतःच बदलली आहे. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. आता खालच्या अंगाला पाणी किती येणार हे दरवाजे ठरवतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस त्या दरवाज्यांतून सुटलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी ते गडचिरोली काठ बुडाला. चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा झाला. सिरोंच्याच्या खाली तेलंगणाचा मेडिगड्डा बांध २१ जून २०१९ ला सुरू झाला, जुलै २०२२ च्या महापुराने सिरोंच्यात हाहाकार केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बांधाचेच खांब खचले. वरचा पाऊस पाहून पाणी ओळखणाऱ्याची विद्या अशा नदीवर अर्धीच कामाला येते. उन्हाळ्यातली डांगरवाडी जिथे लागायची तिथली वाळू उपसून नेली जाते आहे. नदीतला मोठा लिलाव आता रेतीचा. पूर आला की मात्र बचाव पथकाची रबरी बोट पोचायच्या आधी गावातल्या डोंग्यालाच हाक जाते.

याच जिल्ह्यात हक्काची एक वेगळी गोष्टही घडली. कठाणीकाठच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूची चर्चा इतकी झाली की २००६ च्या त्या कायद्यातला पुढचा भाग झाकला गेला: कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातील इतर उपज यांवरचे सामूहिक हक्कही मोजले आहेत. आदिवासी नसलेल्या ढिवर कुटुंबांना यासाठी ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. सातबारा नसलेल्या, घाटाचा ठेका दुसऱ्याच्या नावावर असलेल्या माणसाने तो दाखवायचा कशाने?

नियमांत पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गॅझेटियर, जनगणना आणि बंदोबस्ताचे अहवाल येतात, आणि दावेदार सोडून इतर वृद्धांचे लेखी नोंदवलेले जबाबही येतात. चांद्याचे गॅझेटियर बेग्बी आणि नेल्सन यांनी १९०९ मध्ये तयार केले, रसेल-हिरालाल १९१६ चे. कागदांचा भाग ग्रंथालयात सापडेल. जबाब देऊ शकणारी, अखंड खोडाचा डोंगा चालवलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. ग्रामसभांनी आणि आपल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी तिच्याकडे वही घेऊन जायचे काम येत्या दोन-चार हिवाळ्यांतच उरकायला हवे.