मशीन बंद असलं तरी चुंबक चालूच असतो

वसई, नालासोपारा, विरार. कुठल्याही एमआरआय सेंटरबाहेरच्या बाकड्यावर थोडा वेळ बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : “आत्ता मशीन बंद आहे ना, मग जाऊ दे की आत.” कधी नातेवाईक म्हणतात, कधी स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय. हे वाक्य ऐकलं की माझा संयम सुटतो, कारण या समजुतीने आपल्याजवळच एक जीव घेतला आहे.

27 जानेवारी 2018. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय. नात्यातल्या रुग्णासोबत आलेला 32 वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला आणि सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला. सिलिंडरमधून गॅस सुटला आणि तो दगावला. मशीन बंद असल्याचं आपल्याला सांगितलं गेलं, असं नातेवाइकांचं म्हणणं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं.

वस्तुस्थिती अशी. स्कॅन चालू असताना जो ठकठक आवाज येतो, तो आतल्या लहान कॉइलचा. तो थांबला, स्क्रीन काळी झाली, दिवे मालवले, तरी मुख्य चुंबकाला त्याचं काही नसतं. बहुतेक एमआरआयमधला मुख्य चुंबक म्हणजे निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी. ती द्रवरूप हेलियमच्या मदतीने उणे 269 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो. एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न देताही वर्षानुवर्षं फिरत राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हाही हा चुंबक पूर्ण ताकदीने चालू असतो. त्याची ताकद साधारण दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजारपट. पंख्यासारखं बटण दाबून बंद करण्याची ही वस्तूच नव्हे.

त्यात फसवणारी गोष्ट अशी की दारात उभं राहिलं तर फारसं काही जाणवत नाही. जवळ जाताना ओढ हळूहळू वाढत नाही, मशीनच्या तोंडाजवळ ती एकदम चढते. दोन पावलं पुढे टाकेपर्यंत लोखंडी सिलिंडर हातात असतो, तिसऱ्या पावलाला तो तुमच्या ताब्यात राहत नाही.

“मग लाल बटण कशाला असतं?” असं विचारणारे भेटतात. ते बटण चुंबकाचा क्वेंच करतं : तार तापते, रोध परत येतो, साठलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि हेलियम उकळून छतावरच्या पाइपातून बाहेर जातो. त्यालाही काही सेकंद ते मिनिटभर लागतं. एक लिटर द्रव हेलियमचा सुमारे 750 लिटर वायू होतो. पाइप तुंबलेला असेल तर तो खोलीत भरतो, ऑक्सिजनला हटवतो आणि माणूस गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो. शिवाय ते बटण चालतंय का, हे तपासलेलं असावं लागतं. नोव्हेंबर 2014 मध्ये खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते. चुंबकाची ताकद वेळेवर उतरवताच आली नव्हती.

मोठ्या प्रयोगशाळांत तरी हेलियम सुटण्याचं हे संकट येत नसेल, असं कुणी समजू नये. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतल्या 27 किलोमीटर परिघाच्या एलएचसी या कण-त्वरकातही याच जातीची तार आहे, तीही एमआरआयपेक्षा थंड हेलियममध्ये. 19 सप्टेंबर 2008 रोजी दोन चुंबकांमधला एक विद्युतजोड निकामी झाला, ठिणगीने हेलियमच्या आवरणाला भोक पाडलं आणि सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला. 53 चुंबक बोगद्यातून बाहेर काढावे लागले. चौकशीत दिसलं की दाब मोकळा करणाऱ्या झडपा सेकंदाला दोन किलो हेलियम धरून बसवल्या होत्या, प्रत्यक्षात त्याच्या जवळपास दहापट आला. एकालाही इजा झाली नाही, कारण चुंबकांत प्रवाह असताना बोगद्यात माणूस सोडायचाच नाही, हा नियम पाळला गेला होता. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. याच एलएचसीच्या चुंबकांना क्वेंचपासून वाचवणारी हजारो उपकरणं भारतातून गेली आहेत. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे आहे. ते वॉर्डबॉयपर्यंत पोचवलेलं नाही, याचा मला राग आहे.

बाकीचे समज थोडक्यात. तारापूरचं अणुवीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे ‘रेडिएशन’ची भीती इथे लवकर बसते, पण एमआरआयमध्ये क्ष-किरण किंवा किरणोत्सर्ग नसतो. हेलियम पेट घेत नाही, पेटतो तो हायड्रोजन. गळतीच्या वेळी दिसणारा पांढरा ढग हा हवेतल्या बाष्पाचा असतो. नाशिकला एप्रिल 2021 मध्ये एका रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, तेव्हा तिच्याभोवती तोच दिसला होता. तिथे रुग्ण दगावले ते ढगामुळे नव्हे, ऑक्सिजनचा पुरवठा खालावल्यामुळे. शुद्ध सोनं चुंबकाला चिकटत नाही, तरी मंगळसूत्र काढायला सांगतात, कारण धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडतं. पेसमेकर किंवा शरीरातली कुठलीही धातूची वस्तू असेल तर तिचं कार्ड आधी दाखवा.

आणि पेशंट ऑक्सिजनवर असेल तर लोखंडी सिलिंडर दाराबाहेरच थांबवा. एमआरआयसाठीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर किंवा भिंतीतली ऑक्सिजनची लाइन मागा. नसेल तर स्कॅन थांबवा. “मशीन बंद आहे” असं खुद्द डॉक्टरांनी सांगितलं, तरीही आत जाऊ नका.