भायखळ्याचें जुनें संग्रहालय

भायखळ्याच्या राणीच्या बागेंत प्राणी पाहावयास येणाऱ्यांची वर्दळ मोठी असते. त्याच आवारांत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभें आहे. मुंबईंतील हें सर्वांत जुनें संग्रहालय होय. शहराचा इतिहास जसा ग्रंथांत असतो तसाच तो वस्तूंतही असतो. मात्र वस्तूंना राखणदार लागतो, हें या संस्थेच्या चरित्रावरून चांगलें कळून येतें.

तिचा प्रारंभ व्यापाराच्या हेतूनें झाला. १८५५ सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठीं इकडील कच्चा माल व कारागिरीचे नमुने गोळा करण्यांत आले होते. त्यांच्याच दुसऱ्या प्रतींतून हा संग्रह सिद्ध झाला व कोटांतील टाउन बराकींत मांडण्यांत आला. दोनच वर्षांनीं १८५७ चा उठाव झाला. लष्कराला बराकी हव्या झाल्या आणि संग्रह घाईघाईनें बाहेर काढण्यांत आला. त्या धांदलींत पुष्कळ वस्तू नष्ट झाल्या.

१८५८ सालीं उरलेल्या संग्रहाची व्यवस्था डॉ. जॉर्ज बर्डवुड यांजकडे आली. स्वतंत्र इमारतीसाठीं त्यांनीं, तसेंच नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनीं मोठी खटपट केली. भाऊ दाजी हे गोव्यांत जन्मलेले नामांकित डॉक्टर. पण प्राचीन शिलालेखांचा त्यांचा व्यासंगही तितकाच दांडगा होता. १८६२ सालीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें कोनशिला बसली. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्ध संपतांच कापसाचे भाव कोसळले, १८६५ सालीं मुंबईंतील अनेक धनिक बुडाले आणि बांधकामाचा पैसा आटला. अखेर सरकारनें काम पुरें केलें व २ मे १८७२ रोजीं ‘व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम’ या नांवानें तें लोकांस खुलें झालें.

आंत चांदी, तांबें, हस्तिदंत व शिंग यांवरील कारागिरी आहे. मुंबईच्या कलाशाळेशीं निगडित अशीं मातीचीं भांडीं आहेत. पण पाहणारा अधिक रेंगाळतो तो मातीच्या लहान पुतळ्यांपुढें. निरनिराळ्या जातिजमातींचे पेहराव, पगड्या व धंदे त्यांत हुबेहूब दाखविले आहेत. जुने नकाशे, छायाचित्रें व प्रतिकृती यांवरून बेटांचें शहर कसें झालें, तेंही उमगतें.

बाहेर बागेंत एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनीं घारापुरीस ‘एलिफंटा’ हें नांव दिलें तें यावरूनच. १८६४ सालीं तो इंग्लंडास नेण्याच्या खटाटोपांत उचलतांना पडून भंगला. १९१४ सालीं त्याचे तुकडे सांधण्यांत आले.

१९७५ सालीं संग्रहालयास भाऊ दाजींचें नांव मिळालें. तथापि वास्तूस जीर्णता आली होती. २००३ सालीं महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनीं मिळून जीर्णोद्धार हातीं घेतला. २००५ सालीं युनेस्कोनें वास्तूच्या जतनाबद्दल गौरव केला आणि २००८ सालीं संग्रहालय पुन्हां खुलें झालें. परदेशीं माल खपावा म्हणून जमविलेल्या वस्तू आज मुंबईकरांस त्यांच्याच पूर्वजांचें राहणीमान सांगत आहेत. बराकींतून फेंकल्या गेलेल्या वस्तू काय सांगत होत्या, तें मात्र आतां कोणास ऐकावयास मिळणार नाहीं.