अपडेटनंतरचा काळा पडदा

१९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने पडद्यावर चित्र रेखाटणारी यंत्रणा ग्राफिक्स ड्रायव्हरसकट कर्नलमध्ये नेली. हेतू वेगाचा होता आणि वेग वाढलाही. पण मेमरी, डिस्क, प्रोसेसर या सगळ्यांवर ज्याची सत्ता चालते तो गाभा म्हणजे कर्नल. तिथे आता ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा कोड येऊन बसला, आणि त्यातली एखादी चूक अख्खा संगणक बंद पाडायला पुरेशी ठरू लागली. सिस्टिम एकाची, ड्रायव्हर दुसऱ्याचा, संगणक तिसऱ्याचा. पुढच्या तीन दशकांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या वाटणीत सापडते.

यातले सर्वांत बोलके प्रकरण विंडोज व्हिस्टाचे. ३० जानेवारी २००७ ला ती ग्राहकांच्या हाती आली तेव्हा मायक्रोसॉफ्टला एनटीच्या काळातला तो धोका कमी करायचा होता. डब्ल्यूडीडीएम या नव्या आराखड्यात ड्रायव्हरचे दोन भाग केले गेले. बरेचसे काम कर्नलच्या बाहेर गेले, आत मोजकेच उरले. कार्डाने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही तर सिस्टिमने ते स्वतःच पुन्हा सुरू करावे, अशीही तरतूद झाली. पडदा क्षणभर काळा होई आणि काम पुढे चालू राही. रचना म्हणून हे पाऊल योग्यच होते. मात्र त्यासाठी एनव्हिडिया, इंटेल आणि एटीआय या तिन्ही ग्राफिक्स कंपन्यांना आपले ड्रायव्हर मोठ्या प्रमाणात नव्याने लिहावे लागले. एनव्हिडियाची अडचण दुहेरी होती, कारण नोव्हेंबर २००६ मध्येच तिने जीफोर्स ८८०० हे पूर्ण वेगळ्या रचनेचे कार्ड आणले होते. कार्ड नवे, सिस्टिम नवी आणि दोघांना जोडणारा ड्रायव्हर अजून कच्चा.

परिणाम आकड्यांतच उरला आहे. अमेरिकेतल्या एका खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. त्यांनुसार २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाले होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडचा वाटा १७.९ टक्के होता.

तो खटला मुळात भरला गेला होता संगणक व्हिस्टा चालवू शकेल असे सांगणाऱ्या ‘व्हिस्टा केपेबल’ या स्टिकरवरून. इंटेलच्या ९१५ चिपसेटवर नवा ड्रायव्हर चालणारच नव्हता, तरी अट शिथिल करून अशा संगणकांवरही ते स्टिकर लागले. इंटेलचे तिमाही उत्पन्न सांभाळण्यासाठी ही सवलत दिली गेली, असे मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्यानेच ईमेलमध्ये लिहिले होते. दुकानात पैसे मोजणाऱ्या माणसाला हे कळायला मार्ग नव्हता. २००९ मध्ये या खटल्याचा सामूहिक दर्जा न्यायालयाने काढून घेतला. त्याच वर्षी विंडोज ७ आली. तिच्यात तोच आराखडा थोड्या सुधारणांसह होता, आणि तोवर ड्रायव्हरही मुरले होते. विंडोज ७ च्या वाट्याला आलेल्या कौतुकातला बराच भाग व्हिस्टाच्या ग्राहकांनी सोसलेल्या दोन वर्षांचा आहे.

विंडोज १० ने प्रश्नाचे रूप बदलले. जुलै २०१५ मध्ये ती येताना होम आवृत्तीत अपडेट नाकारण्याची मुभाच नव्हती, आणि अपडेटच्या त्याच वाटेने ड्रायव्हरही येत. एनव्हिडियाचा ताजा ड्रायव्हर स्वतःहून बसवलेल्या लोकांच्या संगणकांवर विंडोज अपडेट दुसरीच आवृत्ती बसवू लागले. एकाहून अधिक मॉनिटर जोडलेल्यांना त्याचा विशेष त्रास झाला. अखेर नको असलेला अपडेट लपवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक छोटे साधन उपलब्ध करून दिले. माणसाने विचारपूर्वक बसवलेली गोष्ट त्याला न विचारता बदलणे हा तांत्रिक दोषापेक्षा मोठा दोष आहे, आणि सुरक्षेचे कारण त्याला पुरेसे पडत नाही.

ॲपलच्या बाजूला तर नुसता बिघाड झाला नाही, वाटच बंद झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये मॅकओएस मोहावे आली. हाय सिएरा या आधीच्या आवृत्तीपर्यंत जुन्या मॅक प्रोमध्ये एनव्हिडियाची पास्कल पिढीची कार्डे बसवणाऱ्यांना एनव्हिडियाकडून वेगळा ड्रायव्हर मिळत असे. मोहावेसाठी तो आलाच नाही. ॲपलच्या मंजुरीशिवाय आपण तो देऊ शकत नाही, अशी एनव्हिडियाची भूमिका होती. हजारो रुपयांची, उत्तम चालणारी कार्डे एका अपग्रेडने निकामी होणार होती. मालकांसमोर दोनच मार्ग उरले, जुन्या सिस्टिमवर थांबायचे किंवा कार्ड बदलायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कार्डांवर गणनेची कामे चालवणाऱ्या कूडा या सॉफ्टवेअरची १०.२ ही मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले.

लिनक्समध्ये भूमिका पहिल्यापासून उघड आहे. कर्नलच्या आतले दुवे स्थिर ठेवण्याचे वचन तिथे कुणी देत नाही. ज्याचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये आहे, त्याची दुरुस्ती बदल करणाराच करतो. बाहेरच्याने आपले आपण बघायचे. एनव्हिडिया वर्षानुवर्षे बाहेर राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कर्नल ५.९ आला, तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा, असे तिला ग्राहकांना सांगावे लागले. घाईने कर्नल बदलणाऱ्यांसमोर डेस्कटॉपऐवजी नुसत्या अक्षरांचा लॉगिन उरण्याची वेळ होती. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा भाग ट्युरिंग पिढीच्या व त्यापुढच्या कार्डांसाठी खुला केला. उशिरा का होईना, हे पाऊल स्वागतार्हच होते.

दरम्यान मायक्रोसॉफ्टनेही काही शिकून घेतले. एप्रिल २०२१ च्या अपडेटनंतर काही गेम अडखळू लागले, तेव्हा बिघडलेला बदल कंपनीने दुरूनच मागे घेतला. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटने पुन्हा काही गेमचा वेग घटला. या वेळी तातडीचा उपाय नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाकडून आला, ५८१.९४ क्रमांकाच्या ड्रायव्हरच्या रूपात. त्याच्यासोबतच्या टिपणात एनव्हिडियाने विंडोजच्या त्या अपडेटचा क्रमांक नेमका नोंदवला होता.