समुपदेशकाच्या खोलीत

सहा वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘तुला काय होतंय?’ विचारलं, तर ते बहुधा गप्पच राहतं. म्हणून समुपदेशक त्याच्यासोबत जमिनीवर बसतात. पुढ्यात बाहुल्या, भातुकली, चिकणमाती. मूल बाबा-बाहुलीला पुन्हापुन्हा कपाटात कोंडत असेल, तर ‘असं का करतोस?’ म्हणून टोकायचं नाही. ‘बाबांना आत ठेवलंस’ एवढंच म्हणायचं आणि पुढचा खेळ बघायचा. एकाच खेळावरून निष्कर्ष तर काढायचाच नाही. खेळाची सूत्रं मुलाकडे सोपवणारी ही पद्धत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली पुस्तकरूपात मांडली.

किशोरवयात खरा प्रश्न विश्वासाचा. ‘हे घरी सांगणार का?’ म्हणून गुप्ततेची हद्द पहिल्याच भेटीत, आईवडिलांसमोर ठरवावी: बोलणं खोलीबाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागेल. पालकांनी घरी उलटतपासणी घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

मोठ्यांच्या विचारांनाच हात घालता येतो. अल्बर्ट एलिस यांची १९५५ सालची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. ‘साहेबांनी माझं कौतुक केलंच पाहिजे’ हा हट्ट ‘केलं तर बरं वाटेल’ इथवर यायला वेळ लागतो, तो द्यावा.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही.