नुएर आणि डिंका : वैर गुरांचे की सत्तेचे?

दक्षिण सुदानमधला डिंका हा सर्वांत मोठा समाज, त्याखालोखाल नुएर. दोघेही नाईलच्या पाणथळ गवताळ प्रदेशातले पशुपालक. भाषा एकाच कुळातल्या. लग्नात वराकडून वधूच्या घरी गुरे द्यायची, हा रिवाजही सारखाच. पूर्वापार नुएर तरुणांच्या कपाळावर सहा आडव्या रेषा कोरत. त्यावरून माणूस ओळखू येई. चराई आणि गुरांच्या पळवापळवीवरून भांडणे होत, तशा सोयरिकीही जुळत. कित्येक डिंका कुटुंबे नुएरांत मिसळून गेली.

मग वैर एवढे का पेटले? १९९१ साली नुएर नेते रिएक माचार हे डिंका नेते जॉन गरांग यांच्या बंडखोर सेनेतून फुटले आणि त्याच वर्षी बोर भागात डिंकांचे हत्याकांड झाले. बंदुका आल्या, नेत्यांची स्पर्धा जमातींवर लादली गेली. १९९९ मध्ये वुनलित गावी दोन्हींकडच्या वडीलधाऱ्यांनी पांढऱ्या बैलाचा बळी देऊन समेट घडवला. पण दक्षिण सुदानच्या स्वातंत्र्यानंतर अडीच वर्षांतच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर (डिंका) आणि माचार यांच्यातला संघर्ष भडकला. राजधानी जुबात नुएरांना वेचून मारले गेले. पुढे इतरत्र डिंकांवर सूड उगवला गेला.

तरीही ही सरळ दोन जमातींची लढाई म्हणता येत नाही. २०१६ मध्ये माचार यांच्याच गटातले नुएर नेते ताबान देंग हे साल्वा कीर यांचे उपाध्यक्ष झाले. तेलाचा पैसा, पदे आणि सैन्य कोणाच्या हाती, हा खरा झगडा आहे. त्याची किंमत मात्र दोन्हींकडची साधी माणसे मोजतात.