वळीव, वाकळ आणि परस

कवींच्या वसंताची आणि देशावरच्या वसंताची गाठ क्वचितच पडते. कवींकडे मंद वारा असतो, मोहोर असतो, कोकीळ असतो. आपल्याकडे चैत्र-वैशाख म्हणजे सकाळी दहालाच तापलेली फरशी, दुपारी डोळा लागू न देणारी उलघाल आणि चारच्या सुमाराला डोंगराआडून वर आलेलं काळं आभाळ. कोकीळ असतो, नाही असं नाही. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ कोणाला? गच्चीवर कुरडया असतात, दोरीवर वाकळ असते आणि परसात दोडक्याच्या कोवळ्या वेलाला काठीचा आधार द्यायचा राहिलेला असतो.

शिवण आणि बाग यांना आपण हल्ली छंद म्हणतो. दुपारी बायकांना फावला वेळ असायचा, म्हणून त्या शिवत, असंही बरेचजण समजतात. मला ते पटत नाही. गोधड्या शिवायचा आणि धुवायचा, वाळवणं घालायचा, वेलांची आळी करायचा हंगाम एकच कसा, याचं उत्तर आभाळात आहे. रब्बीची सुगी उरकलेली, खरिपाला अवकाश, ऊन कडक आणि मृग दोन महिन्यांवर. मृग लागल्यावर जे जमणार नाही, ते सगळं आधी हातावेगळं करायचं. मधे वळीव दोन-चारदा येऊन घाबरवून जाणार, हेही त्यात धरलेलं.

वळवाची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वर जाऊ लागते. नुसती कोरडी हवा वर गेली तर फार काही होत नाही. पण उन्हाळ्यात अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हीकडून बाष्प आत येत असतं. उत्तरेकडचे कोरडे वारे आणि समुद्रावरचे दमट वारे जिथे समोरासमोर येतात, तो पट्टा पुष्कळदा विदर्भ-मराठवाड्यावरून खाली कर्नाटकाकडे गेलेला असतो. तिथे हवेला वर जायला जोर मिळतो. दुपारी आभाळात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग फुगायला लागतात, ते याच वेळी. तासा-दोन तासांत त्यातला एखादा बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरट होतो. ऐरण दिसली की वाळवण उचलायचं.

पावसाआधी जो थंडगार धुळीचा लोट येतो, तो मुळात त्या ढगातूनच खाली आलेला असतो. ढगातलं पाणी पडता पडता खालच्या कोरड्या हवेत थोडं सुकतं, त्यामुळे ती हवा गार आणि जड होते, वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे फाकते. पत्रे उडवणारं, मांडव झोपवणारं वारं ते हेच. पारा वीस-पंचवीस मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरतो. पुणे-सातारा भागात वळीव बहुधा पूर्वेकडून येतो आणि मोसमी पाऊस पश्चिमेकडून. म्हणून जुन्या घरांतल्या बायका वैशाखात मागच्या दाराचं आभाळ बघत, की पुढच्या दाराचं, हे घर कुठे तोंड करून आहे त्यावर ठरायचं.

गारांचा धोका मात्र मेपेक्षा मार्चमध्ये अधिक. मार्चमध्ये वातावरणातली गोठणपातळी अजून पुरेशी खाली असते, त्यामुळे ढगात तयार झालेली गार जमिनीपर्यंत येताना पुरती वितळत नाही. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीने जो कहर केला, तो या भागातल्या शेतकऱ्यांना अजून तारीखवार आठवतो. गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं सगळं एकाच तडाख्यात गेलं.

आता वाकळेकडे. सातारा-कोल्हापूरकडे वाकळ, इतरत्र गोधडी, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. गोधडीत आठवणी असतात, आजीची ऊब असते वगैरे पुष्कळ लिहून झालं आहे. ती करतात कशी, हे फार थोड्यांनी लिहिलं. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलं, एवढा एक ठळक अपवाद.

वाकळेचा हिशेब नऊवारी लुगड्यापासून सुरू होतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याचे चार सारखे तुकडे केले की दोन मीटरहून थोडे लांब चार पट्टे निघतात. दोन पट्टे काठाशी जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. म्हणजे एका लुगड्यात मोठ्या, दोन पन्ह्यांच्या वाकळेचं आवरण पुरं होतं. आत जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, पोरांचे सदरे उसवून काढलेले तुकडे. घडी न राहू देता एकेक थर हाताने निपटून अंथरायचा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि आधी मोठे कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरायचे. मग चार बायका चार बाजूंना बसतात आणि कडेकडून मधे येत धावदोरा घालत जातात. एकीचा टाका मोठा, एकीचा बारीक. शिवून झालेली वाकळ बघून कोणती बाजू कोणाची, हे गल्लीत सगळ्यांना सांगता येतं. मोठा टाका घालणारीला त्यावरून ऐकून घ्यावंही लागतं. कच्चे टाके अगदी शेवटी उसवतात.

बारीक टाक्याचा आग्रह नुसत्या देखणेपणासाठी नसतो. जुनं कापड ताणाला टिकत नाही. टाके दाट असले की ओढ अनेक टाक्यांत वाटली जाते आणि एक थर फाटला तरी शेजारचे त्याला धरून राहतात. आतल्या थरांमध्ये हवा अडकलेली असते, थंडी अडते ती तिच्यामुळे. कापूस जितका धुतला जाईल तितका मऊ होतो, म्हणून नव्या कापडाची वाकळ कोणी शिवत नाही. बाळाची दुपटी आणि कुंच्याही घरातल्या सर्वांत जुन्या सुती लुगड्याच्या शिवत, ते याच कारणाने.

वाकळ धुणं हे शिवण्याइतकंच मोठं काम. धुण्याच्या सोड्यात भिजवायची, नदीवर न्यायची, दगडावर धोपाटण्याने बडवायची आणि दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. इतक्या माराने ती फाटत कशी नाही, याचं कारण कापसाच्या धाग्यात आहे: बहुतेक धागे भिजले की कमजोर होतात, कापूस मात्र ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो. पण तो पाणीही अफाट पितो. सहा-सात थरांची भिजलेली वाकळ एकट्याने उचलत नाही आणि ती आतपर्यंत सुकायला वैशाखातली दोन उन्हं लागतात, तीही मधे उलटून टाकून. अर्धी ओली राहिली की आत कुबट वास धरतो आणि तो मग पावसाळाभर जात नाही. म्हणून वाकळा सकाळी लवकर धुवायच्या आणि दुपारी तीननंतर कान आभाळाकडे. "ढग लागलेत गं, वाकळ आधी घे, पापड राहूदेत," असं आमच्या आत्या ओरडायच्या. पापड भिजले तर उडीद वाया जाणार, वाकळ भिजली तर पुन्हा दोन दिवस. आत्यांच्या लेखी दोन दिवसांची किंमत उडदापेक्षा जास्त होती.

हल्ली बाजारात मिळणाऱ्या गोधड्या बऱ्याचदा पॉलिस्टरच्या साड्यांच्या असतात. त्या रंगीत दिसतात, लवकर वाळतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरू शकतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम जायचा कुठे? भेट म्हणून द्यायला त्या ठीक आहेत. अंगावर घ्यायला मी घेणार नाही.

परसातलं काम याच वेळापत्रकाने चालतं. अक्षय तृतीयेला आळी करून बिया टोचायची पद्धत अनेक घरांत आहे, आणि हळदीची लागवडही त्याच सुमाराला सुरू होते. दोडका, दुधी, कारली, घोसाळी, पडवळ यांचे वेल तेव्हा लावले, पाणी घालून जगवले, तर मृगापर्यंत मांडवावर चढतात आणि श्रावणात ताटात येतात. वळवाचं पाणी आयतं मिळतं, पण ते मारतंही. टपोऱ्या थेंबांनी उघडी माती दबते, वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच अडकतो. चिखल उडून खालच्या पानांना बुरशी लागते. दोन्हीवर उपाय एकच, आळ्यात बोटभर पालापाचोळा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी वाफसा आला की खुरप्याने माती हलकेच मोकळी करायची.

वळवाचा सर्वांत मोठा उपयोग मात्र शेतकऱ्यांना ठाऊक असतो, बागवाल्यांना नसतो. पहिल्या दोन सरींनी जमिनीतलं तणाचं बी उगवून वर येतं. ते तसंच कोवळं असताना वखराने किंवा खुरप्याने कापून टाकलं, की खरी पेरणी स्वच्छ जमिनीत होते. परसबागेतही हे जसंच्या तसं करता येतं. वळवावर भुलून शेत मात्र पेरायचं नसतं. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी पेरतंच.

फुलझाडांनाही हा पाऊस कळतो. वळवानंतर काही दिवसांत कुंडीतली रेन लिली अचानक गुलाबी फुलांनी भरते. नुसत्या नळाच्या पाण्याला ती तितकी दाद देत नाही. मोगऱ्याला नवी फूट येते. विजेमुळे हवेतला नायट्रोजन पावसातून जमिनीत उतरतो, हे खरं आहे. पण पावसानंतरच्या सगळ्या हिरवेपणाचं श्रेय विजेला देऊ नये. तो वाटा लहान आहे. मोठं काम मातीतले जिवाणू करतात. पहिल्या पावसाचा वासही बराचसा त्यांचाच.

वादळात झडलेल्या कैऱ्या गोळा करणं हे मुलांचं काम. त्यातल्या काही चैत्रगौरीच्या डाळीत आणि पन्ह्यात जातात, काही मेथांब्यात, उरलेल्यांची आंबोशी. कैरी जमिनीवर आपटून आतून दुखावलेली असते, त्यामुळे वर्षाच्या लोणच्याला ती घेत नाहीत.

विजा कडाडायला लागल्या की आमच्याकडे सुई-कात्री खाली ठेवायला लावत. सुईमुळे घरावर वीज पडत नाही, पण त्या निमित्ताने बायका खिडकीजवळून उठत, हे बरंच होतं. आज त्याऐवजी शिलाई मशीनच्या मोटरचा प्लग काढावा, नळाखालचं धुणं-भांडी थांबवावं आणि वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर जाऊ नये. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसं विजेने मरतात, त्यातली बरीच शेतात किंवा झाडाखाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपास वीज पडते आहे का, ते सांगतं. भिजली वाकळ तर भिजू द्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वळवाची वेगळी कामं आहेत. गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या मार्चमध्येच खाली घ्या; पाचव्या मजल्यावरून पडलेली कुंडी खाली कोणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नाही. गच्चीवरची हिरवी शेडनेट सोसाट्याच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि सांगाड्यासकट उचलली जाते. आभाळ भरलं की तिची एक बाजू सोडून द्यावी. वेलांचा मांडव सुतळीने बांधलेला असला तर थोडा हलतो आणि टिकतो, तारेने आवळलेला मोडतो.

हे सगळं वेळापत्रक आता बेभरवशाचं झालं आहे. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत तो साधारण 11 जूनला अपेक्षित असतो. म्हणजे वैशाख संपायच्या आतच पावसाळा लागला, आणि त्याआधीचा मे महिनाही राज्यात अनेक ठिकाणी भिजलेलाच गेला. ज्यांनी वाकळा मेच्या शेवटी धुवायच्या ठेवल्या होत्या त्यांच्या तशाच राहिल्या. जाणत्या घरांनी आता हे काम पाडव्याच्या सुमाराला ओढलं आहे, आणि मलाही तेच शहाणपणाचं वाटतं. गारपिटीची भीती असली तरी मार्चमधली ऊन-वाऱ्याची चार दिवसांची सलग उघडीप मेमधल्यापेक्षा सहज मिळते.

बियांचा प्रश्न मात्र चैत्रात सुटत नाही. तो आधीच्या दिवाळीत सोडवावा लागतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या मडक्या-डब्यांतून गावठी बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना 2020 सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, पण त्यांची रीत प्रत्येक घराला जमण्यासारखी आहे. पावसाळी वेल दिवाळीच्या सुमाराला संपत आलेले असतात. त्यांतल्या सर्वांत निरोगी वेलावरचा एक चांगला दोडका काढू नका, एक दुधी तसाच राहू द्या. पूर्ण वाळून खुळखुळा वाजला की बी काढा, सावलीत सुकवा, थोडी चाळलेली राख लावून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव व साल लिहा. आणि दिवाळीच्या आवराआवरीत जुनी सुती लुगडी निघाली तर भांडीवालीला देऊ नका. चार-पाच जमली की एक वाकळ होते. बी कोरडं राहिलं तर दोन वर्षं सहज उगवतं.