आधी भिंत, मग ड्रिल मशीन

विजेच्या ड्रिल मशीनची निवड बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होते. आधी किमती पाहिल्या जातात, परवडणाऱ्या यंत्रांपैकी सर्वांत अधिक वॅटचे यंत्र घरी येते, आणि पडद्याच्या दांडीसाठी पहिले छिद्र पाडताना ते बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर अडून बसले की मग भिंत कशाची आहे याचा विचार सुरू होतो. हा विचार खरेदीच्या आधी करावयाचा असतो, कारण विटेत सहज शिरणारे यंत्र काँक्रीटपुढे हतबल ठरते, तर काँक्रीट फोडणारे यंत्र हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत गरजेपेक्षा मोठे भगदाड पाडून ठेवते.

महाराष्ट्रातील घरांत भाजलेल्या विटांची भिंत सर्वाधिक परिचयाची आहे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती असतात, ज्यांत कठीण भाग आणि मऊ मातकट पोकळ्या शेजारी शेजारी येतात. गेल्या काही वर्षांतील इमारतींत वातयुक्त काँक्रीटचे, म्हणजे आत हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असलेले पांढुरके हलके ठोकळे सर्रास वापरले जातात. मुंबई, ठाणे, पुणे येथील अनेक उंच इमारतींत तर ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, आत लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. बांधकामाच्या बोलीभाषेत या पद्धतीला ‘मायव्हान’ म्हणतात. भिंतीचा प्रकार ठाऊक नसेल तर कपाटामागे एखादे बारीक छिद्र पाडून भुकटी पाहावी. गिलाव्याची राखाडी भुकटी संपल्यावर तांबडा चुरा आला तर वीट किंवा जांभा, मऊपणाने भराभर पांढरट पीठ पडू लागले तर हलका ठोकळा, आणि भुकटी राखाडीच राहून बिट, म्हणजे छिद्र पाडणारी टोकदार दांडी, पुढे सरकेनासे झाले तर काँक्रीट, असे सामान्यतः समजावे.

या भेदानुसार यंत्राचे तीन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. साधे ड्रिल केवळ फिरते. लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक यांना तेवढे पुरेसे असते. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये फिरण्याच्या जोडीला ठोके असतात. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि प्रत्येक दाता दुसऱ्यावरून घसरताना बिट किंचित पुढे ढकलले जाते. चकतीला १६ दाते असतील आणि यंत्र मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ४४,८०० ठोके बसतात. खोक्यावरील हा आकडा भारदस्त दिसत असला तरी प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि त्याचा जोर पुष्कळसा माणसाने मागून दिलेल्या दाबावर अवलंबून राहतो. तिसरा प्रकार रोटरी हॅमरचा. यात दट्ट्या नळीतील हवा दाबतो, त्या हवेने फेकला गेलेला घण बिटाच्या मागच्या टोकावर आदळतो, आणि ठोक्याचा जोर यंत्र स्वतःच निर्माण करते. म्हणून त्याचे मोजमाप ठोक्यांच्या संख्येने न करता जूल या ऊर्जेच्या एककात करणे अधिक योग्य असते. घरगुती कामासाठी दोन ते तीन जूलचे यंत्र भरपूर होते. त्याला नेहमीचे गोल दांड्याचे बिट लागत नाही. बॉश कंपनीने १९७५ च्या सुमारास रूढ केलेल्या एसडीएस पद्धतीचे, दांड्यावर खाचा असलेले बिट लागते, जे चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या पुढच्या जबड्यात, घट्ट आवळले न जाता पुढेमागे सरकू शकते आणि त्यामुळे ठोका वाया जात नाही.

यावरून निवड बरीच सोपी होते. वीट किंवा जांभ्याच्या घरात, अधूनमधून लाकूडकाम करणाऱ्या कुटुंबाला १३ मिलिमीटर चकचे, ५०० ते ६५० वॅटचे, वायरवर चालणारे इम्पॅक्ट ड्रिल पुरते. १३ मिलिमीटर ही चक पकडू शकेल अशा दांड्याची कमाल जाडी. नावाजलेल्या कंपन्यांची अशी यंत्रे साधारणतः दोन ते चार हजार रुपयांत मिळतात. हलक्या ठोकळ्यांच्या घरातही हेच यंत्र चालते, मात्र तेथे ठोके बंद ठेवूनच छिद्र पाडावे आणि अशा ठोकळ्यांसाठी बनवलेलेच प्लग, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी छिद्रात बसवावयाच्या गुल्ल्या, वापरावेत. काँक्रीटच्या घरात इम्पॅक्ट ड्रिलवर पैसे घालणे ही काटकसर नव्हे. तेथे थोडे अधिक पैसे घालून रोटरी हॅमर घ्यावा, आणि वर्षाकाठी चारदोनच छिद्रे पाडावयाची असतील तर तो भाड्याने आणावा. बॅटरीवरील ड्रिल स्क्रू पिळण्यासाठी आणि फर्निचर जोडण्यासाठी फार सोयीचे असते, परंतु ते महिनोन्‌महिने पडून राहिले तरी त्याची बॅटरी झिजतच असते; क्वचित वापर करणाऱ्याला त्याच किमतीत वायरवरचे यंत्र अधिक काम देते.

वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते ते सांगतो. बिटाच्या टोकाशी किती जोर पोहोचतो किंवा यंत्र किती नेमके आहे, हे त्यातून कळत नाही. नेमकेपणा दुकानातच तपासता येतो. मुंबईतील नागदेवी स्ट्रीटसारख्या किंवा पुण्यातील बोहरी आळीसारख्या बाजारात विक्रेते यंत्र चालवून दाखवतात, तेव्हा चकमध्ये एक लांब, सरळ, बारीक बिट बसवून यंत्र अगदी हळू फिरवावयास सांगावे. बिटाचे टोक जागच्या जागी फिरण्याऐवजी हवेत वर्तुळ काढत असेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण चकचा हा दोष हाताच्या कौशल्याने भरून निघत नाही. घोडा, म्हणजे चालू करण्याचे बटण, जेवढे दाबावे तेवढाच वेग वाढला पाहिजे. उलट फिरण्याची सोय, बाजूची मूठ आणि खोली ठरवणारी पट्टी असावी. घोडा आज गृहीत धरला जातो, पण श्टुटगार्ट येथील फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरता येणारे विजेचे ड्रिल बनवले तेव्हा तो नव्हता. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबण्याचे बटण यांचे पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीला १९१७ मध्ये मिळाले. यंत्राच्या अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे, आणि म्हणून दोन पिनांची वायर असली तरी ते सुरक्षित मानले जाते. मोटारीतील कार्बन ब्रश झिजणारच असतात, ते आपल्या गावात मिळतात का हे विचारून ठेवावे. यंत्रासोबत मिळणाऱ्या शंभर नगांच्या संचाला भुलण्यापेक्षा भिंतीसाठी कार्बाइडच्या टोकाची ६ व ८ मिलिमीटरची, धातूसाठी हायस्पीड स्टीलची आणि लाकडासाठी मधोमध टोचा असलेली मोजकी चांगली बिटे घेणे केव्हाही हिताचे असते.

छिद्र बिघडते ते दोन प्रकारे: ते जागा सोडते किंवा ते कलते. जागा सुटण्याचे कारण बिटाच्या घडणीतच आहे. धातूच्या बिटाचे टोक अणकुचीदार भासत असले तरी त्याच्या मधोमध एक आखूड, आडवी, जवळजवळ बोथट कड असते, जी कापत नाही, नुसती रगडते. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर बिट सुरुवातीला इकडेतिकडे निसटते. म्हणून धातूवर सेंटर पंचने आणि लाकडावर टोच्याने आधी खळगा करतात, म्हणजे त्या कडेला बसावयास घर मिळते. गिलाव्यावर खिळ्याचा हलका ठोका पुरतो. टाइलवर मास्किंग टेप चिकटवावी आणि टाइलची जाडी पार होईपर्यंत ठोके अजिबात सुरू करू नयेत. वेगाचेही गणित आहे. साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टीलच्या बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. त्या हिशेबाने १० मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला ८०० च्या आसपास आणि ५ मिलिमीटरच्या बिटाला १,६०० च्या आसपास फेरे योग्य ठरतात. जाड बिट पूर्ण वेगाने पोलादावर फिरवणारा माणूस ते काही क्षणांत तापवून निकामी करतो.

कल मात्र हाताचा दोष आहे. तो दिसण्यापूर्वीच पुष्कळ वाढलेला असतो: ५ अंशांनी कललेले बिट १८ मिलिमीटरच्या प्लायवुडमधून सुमारे दीड मिलिमीटर सरकून बाहेर पडते, आणि भिंतीत ५० मिलिमीटर आत जाईपर्यंत जवळजवळ साडेचार मिलिमीटर चुकलेले असते. शेल्फच्या दोन ब्रॅकेटांपैकी एकाचा स्क्रू असा वाकडा गेला की प्लगवर येणारा भार एकाच कडेवर पडतो. हा प्लग, ज्याला महाराष्ट्रात सर्रास रावळ प्लग म्हणतात, तो जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास तयार केला. ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता तेथे विजेची उपकरणे बसवण्याचे काम त्याच्याकडे होते. स्क्रूमुळे फुगून छिद्राच्या सर्व बाजूंना सारखा दाब देणे हेच प्लगचे तत्त्व असल्यामुळे सैल किंवा तिरक्या छिद्रात तो आपले काम करू शकत नाही.

कल टाळण्याचा पहिला उपाय उभे राहण्यात आहे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात बिटाच्या रेषेत आला पाहिजे, दाब बिटाच्या नेमका मागून गेला पाहिजे, आणि यंत्र खांद्याच्या वर धरून हात ताणण्याऐवजी मजबूत स्टुलावर उभे राहिले पाहिजे. तर्जनी यंत्राच्या अंगालगत पुढे रोखून घोडा मधल्या बोटाने दाबला तर दिशेचा अंदाज अधिक नेमका येतो. डोळ्याला डावाउजवा कल कळतो, वरखालचा कळत नाही, कारण त्या दिशेने तो बिटाच्या मागेच असतो. म्हणून बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने तेवढे पाहावे. एकट्यानेच काम असेल तर आडव्या छिद्रासाठी बिटावर एक सैल वॉशर अडकवावा: यंत्र पुढे झुकले की तो फिरता फिरता पुढे सरकतो, मागे झुकले की मागे येतो, आणि पातळीत असले की जागेवर राहतो. लाकडावर उभे छिद्र पाडताना बिटाशेजारी सुताराचा गुण्या उभा करावा, किंवा जुनी सीडी खुणेवर ठेवून तिच्या मधल्या भोकातून बिट टेकवावे. सीडीत दिसणारे बिटाचे प्रतिबिंब आणि खरे बिट दोन्ही बाजूंनी एका सरळ रेषेत आले की बिट काटकोनात आहे असे समजावे. सर्वांत भरवशाचे साधन मात्र कठीण लाकडाचा ठोकळा हेच होय, ज्यात एखाद्या कारखान्यातील स्थिर ड्रिलवर काटकोनात छिद्र पाडून घेतलेले असते आणि ज्यातून हातातले बिट घालावयाचे असते.

जाड लाकडात छिद्र आरपार न्यावयाचे असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पाडून मध्ये जुळवावे. सिंधू संस्कृतीतील कारागिरांनी कार्नेलियनच्या लांब मण्यांची छिद्रे अशीच दोन टोकांकडून पाडलेली आढळतात. काँक्रीटमध्ये सळी लागली तर जोर करू नये. दोनतीन सेंटिमीटर बाजूला नवे छिद्र घ्यावे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली, आणि नळांच्या उभ्या रेषेत, छिद्र पाडणे टाळावे, कारण वायरी आणि पाइप बहुधा तेथूनच गेलेले असतात. यंत्र हाती घेताना चष्मा लावावा, पदर, ओढणी आणि मोकळे केस बांधून घ्यावेत, आणि चकची किल्ली काढल्याशिवाय घोड्याला बोट लावू नये.

सराव टाकाऊ प्लायवुडवर करावा. मोजकीच छिद्रे पाडून प्रत्येकात त्याच जाडीची सरळ सळी घालावी आणि गुण्याने ती तपासावी. बहुतेक माणसांच्या सळ्या एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात, कारण प्रत्येकाच्या हाताचा कल ठरावीक असतो. ती बाजू एकदा कळली की पुढच्या छिद्राला यंत्र मुद्दाम किंचित दुसऱ्या बाजूला झुकवून धरता येते, आणि सळी काटकोनात उभी राहू लागेपर्यंत ही दुरुस्ती थोडी थोडी करीत राहावी.